नव्या पदार्थाचा खर्च कोणी सोसावा?



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे श्रोते बोनस, महागाईभत्ता आणि टाळेबंदी या तीन शब्दांची वाट पाहू लागतात. आज आम्ही थालीपीठ, पापड आणि नानकटाई यांविषयी बोलणार आहोत. व्याख्यानमालेच्या चिटणीसांना आम्ही हा विषय कळवला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे पाककला?" पाककला नव्हे. कृती सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आमचा सारा अनुभव ताटाच्या अलीकडचा आहे. चार घरच्या बायका एकत्र येतात, एखादा नवा पदार्थ करून पाहतात, तो साधला की फसला हे एकमेकींना मोकळेपणाने सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी तो चार घरांत होतो. या साध्या व्यवहारात आम्हांला संघटनेचे जे तत्त्व दिसले, ते आपल्यापुढे ठेवावे एवढाच आमचा हेतू आहे.

दिवसही या विषयाला सोयीचे आहेत. वसंत व्याख्यानमाला आणि वाळवण एकाच ऋतूत येतात. संध्याकाळी आपण येथे खुर्च्यांवर बसतो, आणि दुपारी याच गावच्या गच्च्यांवर कुरडया, सांडगे, पापड पसरलेले असतात. पापड लाटणाऱ्या बायका आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. आज हिच्या घरचे, उद्या तिच्या घरचे. प्रत्येकीने आपले पोळपाट-लाटणे घेऊन यायचे. पण त्यातली एक गोष्ट पुरुषांच्या लक्षात सहसा येत नाही. पीठ कुटून झाले की लगेच लाटायला बसत नाहीत. आधी एकच पापड लाटून तो तळून पाहतात. पापडखार जास्त झाला असेल तर पापड तांबूस पडतो आणि कडवट लागतो. कमी झाला असेल तर फुलत नाही. त्या एका पापडाचे दहा तुकडे दहा तोंडांत जातात आणि दहा जणी आपापला निकाल देतात. पीठ परातीत आहे तोवर ते सुधारता येते. दोनशे पापड वाळल्यावर कळले, तर वर्षभर तोंड वाकडे करून तेच खावे लागतात. शास्त्रज्ञ ज्याला चाचणी म्हणतात ती याहून निराळी असते असे आम्हांला वाटत नाही. फरक असलाच तर इतकाच की, येथे निकाल देणारीला वेतन नाही.

नव्या पदार्थाची हौस आपल्याकडे नाही, आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तेच ते करीत आल्या, असे म्हणणारी मंडळी भेटतात. त्यांनी नवरात्रातला भोंडला, किंवा काही ठिकाणचा हादगा, कधी जवळून पाहिलेला नाही. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा, आणि गाणी संपली की झाकलेला डबा हलवून आत कोणती खिरापत आहे ते ओळखायला लावायचे. चटकन ओळखली गेली तर त्या घरची मान खाली! म्हणून घरोघरच्या आया डोके चालवतात. डबा वाजू नये असा पदार्थ करतात, किंवा फसवा आवाज व्हावा असा करतात. रोज नवे घर, रोज नवी खिरापत, आणि सगळ्या मुली चव घेऊन घरी जाऊन आईला सांगणार. महाराष्ट्रात नव्या पदार्थांचा प्रसार झाला त्यात या डब्याचा वाटा फार मोठा असला पाहिजे, असे आमचे मत आहे.

परंतु हौस ही या विषयाची एक बाजू झाली, आणि तीही ज्यांच्या घरी चार दाणे शिल्लक असतात त्यांची. आम्हांला बोलायचे आहे ते खर्चाविषयी. नवा पदार्थ करून पाहण्याला खर्च असतो. पहिल्याने केलेला पदार्थ बहुधा फसतो. श्रीमंताघरी फसलेला पदार्थ गाईपुढे जातो. गरिबाघरी तो टाकता येत नाही. तो कोणाला तरी खावा लागतो, आणि तो कोण खातो हे आपण सर्व जाणतो. आमच्या आईने मोडलेली, करपलेली भाकरी टाकलेली आम्ही उभ्या जन्मात पाहिली नाही. ती तिच्या ताटात जाई. तेव्हा गरीब घरची बाई नवे काही करायला धजत नाही याचे कारण ती जुन्या वळणाची आहे हे नव्हे. तिच्याजवळ फसण्यापुरते जास्तीचे पीठ नसते.

आता हाच प्रयोग चौघींनी मिळून केला तर काय होते पाहा. प्रत्येकीने मूठ-मूठ पीठ घातले. पदार्थ फसला, तर नुकसान एकेकीला एकेक मुठीचे. साधला, तर शिकणे मात्र चौघींना पुरेपूर. पैसा वाटला की कमी होतो. कृती वाटली की होत नाही. कामगार दरमहा वर्गणी देतो आणि संकट आले म्हणजे एकट्याच्या डोक्यावरचा भार हजारांच्या डोक्यावर जातो, हे आम्ही तीस वर्षे दारोदार समजावीत हिंडलो. ज्यांना आम्ही ते समजावीत होतो त्यांच्या बायकांनी ते परातीत केव्हाच करून ठेवले होते.

याचे एक ठळक उदाहरण अमेरिकन धान्याच्या काळातले आहे. १९५४ साली अमेरिकेने पी. एल. ४८० या नावाने ओळखला जाणारा कायदा केला आणि १९५६ पासून त्या कराराखाली तिकडचा गहू भारतात येऊ लागला. पुढे साठीच्या दशकातील टंचाईत आणि १९७२ च्या दुष्काळात रेशनच्या दुकानांतून मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळू लागली. तिकडे हे धान्य मुख्यतः जनावरांच्या खाद्याचे. आमच्या जन्माच्या आसपासच्या या गोष्टी. पण आई आणि तिच्या शेजारणी यांच्या तोंडून त्या इतक्या वेळा ऐकल्या आहेत की, त्या मिलोचा वाससुद्धा आम्हांला ठाऊक आहे असे वाटते. तिची भाकरी थापली जाईना. थापली तर तव्यावर टाकताना मोडे, भाजली तर तासाभरात लाकूड होई. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यात ग्लूटेनची जाळी तयार होते, ज्वारीत ती होत नाही. आपल्या नेहमीच्या ज्वारीच्या भाकरीला बायकांचा हात बसलेला होता. या परक्या ज्वारीला तो हात लागू पडेना.

मग चाळीच्या नळावर चर्चा सुरू झाली. एकीने पीठ उकळत्या पाण्यात भिजवून पाहिले. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो, थोडा शिजतो, आणि पीठ एकमेकांना धरून राहते; हे कारण आम्ही पुढे पुस्तकात वाचले, पण उपाय नळावर आधी सापडला होता. दुसरीने त्यात उडदाचे पीठ आणि कांदा घालून थालीपीठ लावले. तिसरीने भाकरीचा नादच सोडला आणि ताकात आंबील केली. चौथीने अर्धे पीठ गव्हाचे घालून पोळी लाटली. ती साधली, पण गहू संपला, म्हणजे हिशेबात ती बसली नाही. आठवड्याभरात मजल्यावरच्या सगळ्या घरांतून मिलो पोटात जाऊ लागली. चांगली लागत होती असे आमची आई कधीच म्हणाली नाही. "जात होती," एवढेच म्हणे.

त्याच १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईत बायकांनी थाळ्या आणि लाटणी घेऊन मोर्चे काढले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांची नावे त्या आंदोलनाशी कायमची जोडली गेली आहेत, आणि ती योग्यच आहेत. हजारो गृहिणी एकाएकी रस्त्यावर कशा आल्या याचे तेव्हाच्या पुष्कळ पुढाऱ्यांना नवल वाटले. आम्हांला वाटत नाही. तेल, डाळ, साखर यांचा भाव रोज एकमेकींना सांगणाऱ्या, आज काय मिळाले आणि त्याचे काय करता आले हे नळावर जाहीर करणाऱ्या त्या बायका होत्या. सभा रोजच भरत होती. त्या दिवशी ती चालू लागली.

आम्ही स्वतः पाहिलेला काळ १९८२ चा. १८ जानेवारीला मुंबईच्या कापड गिरण्यांतील अडीच लाखांच्या घरातले कामगार संपावर गेले. तेव्हा आम्ही बारा-तेरा वर्षांचे होतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुष्कळ कुटुंबे गावी गेली; ज्यांना गावी जमीन नव्हती ती राहिली. आमच्या मजल्यावरच्या पाच घरांनी रॉकेल वाचवण्यासाठी एका स्टोव्हवर आमटी शिजवायला सुरुवात केली. मग त्या पाच जणींचे डोके चालू लागले. भाजीबाजारात संध्याकाळी पडून राहणारे फ्लॉवरचे दांडे, कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग, दुधीची साल. सालीची चटणी उत्तम झाली. कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची थालीपिठे इतकी मऊ झाली की, पुढे बरे दिवस आल्यावरही आम्ही ती हौसेने मागून खात असू. कोंड्याचा मांडा करणे हा वाक्प्रचार आपण निबंधात घालतो. आम्ही तो मांडा खाल्लेला आहे. मेथीच्या देठांच्या वड्या मात्र साफ फसल्या. इतक्या कडू की मजल्यावरच्या कुत्र्यानेही हुंगून सोडल्या.

त्या वड्यांच्या दिवशीची एक गोष्ट आमच्या मनात राहिली आहे. कल्पना एका बाईची होती, हे सर्वांना ठाऊक होते. पण कोणीही "तुझ्या वड्या फसल्या" असे म्हटले नाही. "आपल्या वड्या फसल्या" असेच पाचही जणी म्हणत होत्या. पुढे आम्ही संघटनेच्या कामात पडलो, मोठमोठ्या कार्यकारिणींत बसलो, ठराव फसले, वाटाघाटी फसल्या. त्या वेळी "आपल्या" हा शब्द किती दुर्मिळ होतो ते आम्ही पाहिले आहे. यशाच्या वेळी तो सर्वांच्या तोंडी असतो, ही गोष्ट निराळी.

सगळेच प्रयोग टंचाईचे होते असेही नाही. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, साखर, तूप डब्यांत घालून बायका जवळच्या बेकरीत जात आणि नानकटाई भाजून आणीत. घरी भट्टी कोणाची असणार? कोणाची पसरली, कोणाची फुलली, कोणाची दगड झाली, याचा निकाल बेकरीच्या दारातच लागे आणि तुपाचे प्रमाण तेथल्या तेथे एकीकडून दुसरीकडे जाई. काही उत्साही घरांत पातेल्यात वाळू तापवून तिच्यात केकचा डबा ठेवीत. तो केक आम्ही खाल्ला आहे. त्याविषयी अधिक बोलत नाही.

आता प्रमाणाचा विषय निघालाच आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली निघाले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले, आणि लग्न होऊन परगावी जाणाऱ्या मुलींच्या सामानात ते पुस्तक असायचेच अशी स्थिती झाली. 'रुचिरा'चे गमक कशात आहे? आमच्या मते वाटी आणि चमचा या दोन शब्दांत आहे. "अंदाजाने", "चवीपुरते", "हाताला कळेल इतके", ही भाषा सासूची असते, आणि गिरणीत ती जॉबरची असे. ज्याला काम येते तो माप सांगत नाही. माप सांगितले की त्याची गरज संपते अशी त्याला धास्ती असते. माप लिहून ठेवणारी बाई विद्येचे कुलूप काढून ठेवते. तेव्हा एकत्र पदार्थ करणाऱ्या मंडळांना आमची एकच सूचना असते, की वहीत वाटी-चमच्यासह लिहा, आणि फसलेलेही लिहा. साधलेली कृती पुस्तकात मिळेल. फसलेली कोठेही छापून येत नाही, म्हणून ती प्रत्येक घरी नव्याने फसते.

एकत्र करून पाहण्यातून पोट भरण्याकडे रस्ता जातो का? जातो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तेच आजचे लिज्जत. त्यांच्या यशाची कथा आपण पुष्कळ वेळा ऐकली असेल. आम्हांला त्यातला पहिला पावसाळा महत्त्वाचा वाटतो. पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाटेखाली पेटता स्टोव्ह. काम चालू राहिले. ही युक्ती कोणत्याही विद्यालयात शिकवलेली नव्हती. १९६१ साली मालाडला शाखा काढून पाहिली, ती चालली नाही. म्हणून त्या थांबल्या नाहीत. नफा-तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा हे पहिल्यापासून ठरलेले असल्यामुळे तोटा कोणा एकीच्या ताटात गेला नाही.

येथे आमच्यातला कामगार पुढारी जागा होतो, त्याला आम्ही दाबणार नाही. घरी नेऊन पापड लाटणारी बाई मालकीण की मजूर? लिज्जतमध्ये ती सभासद आहे, भागीदार आहे, हे मान्य. पण तिचे नाव सांगून शेकडो ठिकाणी जो धंदा चालतो, जेथे बाईला शेकड्यावर चार पैसे मिळतात आणि पीठ खराब निघाले तर तेही कापतात, तेथे ती नुसती मजूर आहे, आणि तीही कायद्याच्या नजरेबाहेरची. विडी वळणाऱ्या बाईला १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून काम करणारी कामगार म्हणून ओळख दिली. पापड, मसाला, लोणचे करणाऱ्या बाईला तशी ओळख त्या कायद्याने दिली नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र करार केला. त्यावर भारताने मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. भागीदारी हा शब्द गोड आहे. तो खरा आहे की नाही हे तोट्याच्या दिवशी कळते.

दुसरा मार्ग खाणावळवाल्यांचा. गिरणगावात एकेका बाईकडे दहा-दहा, वीस-वीस कामगार जेवत. पगार महिन्याचा, म्हणून जेवणही उधार. आणि वाणी मात्र व्याज लावी. गिरणी बंद पडली की जेवणाऱ्याचे पैसे बुडत, पण त्याला उपाशी ठेवणे तिच्याने होत नसे. गिरण्यांच्या प्रत्येक संपाचा पहिला निधी या बायकांच्या चुलीवर उभा राहिला आहे, आणि कोणत्याही संघटनेच्या जमाखर्चात तो लिहिलेला नाही. १९७४ च्या संपानंतर प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र केले, आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. गहाण ठेवायला काही नसलेल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेने त्यांना कर्ज दिले. ज्या बाईला शेजारणीची आमटी कशी होते हे ठाऊक असते, तिला शेजारीण कर्ज फेडील की नाही हेही ठाऊक असते. बँकेच्या कागदात ही माहिती कोठून येणार?

अलीकडे नाचणी, वरई, ज्वारी यांना पुन्हा मान आला आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून बचतगटांच्या पाकस्पर्धा गावोगाव होतात. आनंदाची गोष्ट आहे. मिलोशी झुंजलेल्या बायकांच्या सुना आता नाचणीचा केक करतात. मात्र अशा एका स्पर्धेचा छापील अर्ज आमच्या हाती आला. स्पर्धा एका व्यापारी कंपनीने ठेवलेली. तिचे नाव घेण्याचे कारण नाही. खाली बारीक अक्षरांत नियम होता: आलेल्या सर्व कृतींवर संयोजकांचा हक्क राहील. पहिले बक्षीस मिक्सर, दुसरे कुकर, बाकीच्यांना प्रमाणपत्र. आमच्या भागातील सोळा बायकांनी दोन महिने खपून बसवलेली नाचणीच्या शेवयांची कृती त्या कुकरच्या मोबदल्यात द्यायची होती. त्यांनी आम्हांला विचारले. आम्ही म्हटले, बाजारात विकायची तर किंमत ठरवून विका, वाटायची तर सगळ्यांना वाटा. पण कुकर घेऊन कुलूप देऊ नका. त्यांनी आपापसांत मत घेतले. अकरा विरुद्ध पाच अशा मतांनी स्पर्धेत न जाण्याचे ठरले. त्या पाच जणींची बाजूही आम्ही सांगतो: कुकर घरी खरोखरच हवा होता.

नंतर त्या सोळा जणींनी ती कृती हाताने लिहून, झेरॉक्स काढून, शाळेच्या दारात वाटली. प्रमाण वाटीचे. खाली तीन वेळा कशी फसली तेही लिहिलेले: एकदा पाणी जास्त, एकदा पीठ जुने, एकदा वाफ अपुरी. त्यांना आता एक खोली हवी आहे. फार मोठी नको. गॅसची शेगडी, पाण्याचा नळ आणि एक ओटा, म्हणजे आठवड्यातून एक दुपार सगळ्यांना मिळून करून पाहता येईल, आणि कोणाच्या घरच्या सिलिंडरवर भार पडणार नाही. वस्तीत सार्वजनिक सभागृह आहे, दुपारी ते रिकामे असते. तसा अर्ज आम्ही त्यांच्या वतीने संबंधित कचेरीत दिला. सभागृहात लग्नाचा स्वयंपाक भाडे भरून करता येतो, परंतु शिकण्यासाठी स्वयंपाक करण्याची तरतूद नियमांत नाही, असे उत्तर आले. दुसरा अर्ज गेला आहे. त्यावर येथे जमलेल्यांपैकी ज्यांना सही करावीशी वाटेल त्यांच्यासाठी कागद दाराशी टेबलावर ठेवला आहे. तूर्त काम एका भगिनीच्या गच्चीवर चालते, आणि पावसाळ्यात ते बंद राहील.